विस्मरक

बुंदीचे जंतू काही केल्या विसरत नव्हते.

प्रयोगशाळेच्या पडद्यावर पार्श्वनाथ कॉलनीचा नकाशा होता. प्रत्येक घरातल्या कुत्र्याचा एक ठिपका. ठिपका लाल असला तर त्या कुत्र्याच्या कातडीवरचे जंतू अजून कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत असा अर्थ. हिरवा झाला तर साध्या जुन्या गोळीनंही ते मरतील. पावसाळ्याच्या सुरुवातीला सगळा नकाशा लाल होता. आता सगळा हिरवा होता आणि एकच ठिपका लाल होता. तो डॉ. अभिनंदन मगदूम यांच्या स्वतःच्या घरावर होता.

"नमुना परत लावून बघितलास?"

"बघितला सर," डॉ. झीनत मुजावर म्हणाली. मगदूमांच्या हाताखाली शिकून ती आता त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करत होती. "तेच येतंय. विस्मरक आत शिरतो, काम करतो, थोडे दिवस ठिपका पिवळा होतो. मग परत लाल."

"म्हणजे कुणीतरी औषध लावतंय."

"तसंच दिसतंय."

"कुणीतरी म्हणजे कोण ते मला माहीत आहे," मगदूम म्हणाले आणि त्यांनी पडदा बंद केला.

बुंदी ही त्यांची पिवळसर रंगाची गावठी कुत्री. खरं तर त्यांची नव्हे, त्यांच्या बायकोची, त्रिशलाची. सांगलीतल्या बस्तीच्या दाराशी, म्हणजे त्यांच्या जैन मंदिराच्या पायऱ्यांपाशी, त्रिशलाला ती पिल्लू असताना सापडली होती. त्रिशला जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्याशिवाय तिला ओळखणारं घरात बुंदीखेरीज कुणी उरलं नव्हतं. आता बुंदीच्या पोटावर, काखेत आणि मांड्यांवर पुवाचे फोड होते. ते फुटायचे, खपली धरायची, खपलीखालून परत पू यायचा. कातडी जाड आणि काळी पडली होती. सगळी औषधं देऊन झाली होती, एकाचाही उपयोग झाला नव्हता. आता ताप येऊ लागला होता. जंतू रक्तात उतरले तर ती थोड्याच दिवसांची सोबती होती. तिचा ठिपका हिरवा झाला तरच गोळी लागू पडणार होती.

पावसाळ्याआधी मगदूमांनी कॉलनीच्या सभागृहात लोकांना बोलावून सगळं समजावलं होतं.

"जंतूला औषधाची आठवण राहते," ते म्हणाले होते. "आपण औषध देतो, अर्धवट सोडतो. जे जंतू वाचतात ते कसे वाचलो याची युक्ती जपून ठेवतात. जंतूच्या आत एक बारीक कडं असतं. त्याला आम्ही स्मृतिवलय म्हणतो. या औषधावरची युक्ती, त्या औषधावरची युक्ती, सगळ्या त्या एकाच कड्यावर. आणि त्या कड्याची नक्कल करून तो शेजारच्या जंतूलाही देतो."

"आमच्या पोराच्या दहावीसारखं," मागून अल्काताई सुतार म्हणाल्या. सगळे हसले. अल्काताई एसटीत कंडक्टर होत्या. रिटायर झाल्या तरी आवाज गाडीतलाच राहिला होता. कॉलनीतली निम्मी कुत्री त्यांच्या ओसरीवर जेवायची.

"हो, तसंच. आम्ही एक विषाणू तयार केलाय. विस्मरक. तो जंतूला मारत नाही. आत शिरून फक्त ते कडं कापतो. जंतू जिवंत राहतो, पण विसरतो."

"मग मारून का टाकत नाही एकदाचं?"

"मारायला गेलो की वाचणारे जास्त तयार होतात. आजवर तेच करत आलोय. यात गंमत अशी की कडं सांभाळायला जंतूला कष्ट पडतात. ज्याचं कडं गेलं तो हलका होतो, भराभर वाढतो, आणि कडंवाल्यांना मागे टाकतो. आपण काही करायचं नाही. नुसतं थांबायचं."

"थांबायचं म्हणजे?"

"कुत्र्याला कसलंही जंतुनाशक औषध द्यायचं नाही. पोटात नाही, वरून नाही. थेंबभरसुद्धा नाही. औषध लागलं की विसरलेले सगळे मरतात आणि ज्यांनी आठवण टाकली नाही तेवढेच उरतात. मग तेच पसरतात. कुठलंही एक औषध असो. एक युक्ती जपायची म्हणून जंतू सगळं कडं जपतो, आणि त्याबरोबर बाकीच्या युक्त्याही टिकतात."

"आणि तोवर कुत्र्यानं खाजवून खाजवून रक्त काढायचं, आणि आपण बघत बसायचं," अल्काताई म्हणाल्या.

"हो. बघत बसायचं."

"तुम्हाला जमेल डॉक्टर. मला नाही सांगता येत."

हेच वाक्य मगदूमांच्या डोक्यात राहिलं होतं. ते दिवसभर प्रयोगशाळेत असत आणि बुंदी दिवसभर अल्काताईंकडे असायची.

त्या दिवशी संध्याकाळी ते थेट अल्काताईंच्या ओसरीवर गेले. अल्काताई भाकरीचे तुकडे ताकात कालवत होत्या. त्यांचा काळा कुत्रा खंड्या ताटलीकडे बघत बसला होता. त्याची कातडी आता स्वच्छ होती. बुंदी कोपऱ्यात पोट वर करून पडली होती.

"अल्काताई, बुंदीला काय लावता?"

"काय लावणार? तुमची शपथ घातलीया ना गळ्यात. खोबरेल तेलाचा थेंब लावला नाही."

"सगळ्यांची कुत्री सुधारली. हिची नाही. दिवसभर ती तुमच्याकडे असते."

अल्काताईंनी हात धुतले, पदराला पुसले. "म्हणजे मी लावते असं म्हणायचंय तुम्हाला."

"तुम्हाला बघवत नाही, हे तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणाले की. तोंडानं म्हणाले. तिकीट न काढता बसलेला माणूस मी तीस वर्षं तोंडावरून ओळखला, आणि आता तुम्ही मला ओळखायला निघालाय." त्या हसल्या नाहीत. "खंड्याला लावलं नाही तर बुंदीला कशाला लावू? माझा कुत्रा परका, तुमची सख्खी?"

तरी मगदूम म्हणाले, "उद्यापासून ती घरीच राहील."

"राहू दे. दिवसभर कोंडा एकटीला. तुमच्या बायकोनं बघितलं असतं तर..." त्या थांबल्या. "न्या."

त्यांनी बुंदीला नेलं. सुट्टी टाकली. ते दिवसभर तिच्याजवळ बसू लागले. तिचं अंथरूण, ताटली, पाणी, सगळं स्वतः बघत. बाहेरचं कुणी तिला हात लावणार नाही याची त्यांनी काळजी घेतली.

त्यांचा बाकीचा दिनक्रम होता तसाच राहिला. सकाळी ते बस्तीला अनवाणी जायचे. ही त्रिशलाची सवय. ती घरापासून बस्तीपर्यंत कधी चप्पल घालायची नाही. तिच्या टाचांना भेगा पडलेल्या असायच्या, आणि संध्याकाळी कॉटवर बसून ती त्यात मलम भरायची. मगदूम तेव्हा देवाधर्माच्या वाटेला जात नसत. ती त्यांना म्हणायची, "अहो, तुमचा जीव मारायचा धंदा. मारल्याशिवाय जमतच नाही का हो तुमचं?" ते हसण्यावारी न्यायचे. ती गेल्यावर त्यांना हे वाक्य रोज आठवायचं. जंतूला न मारता विसरायला लावायचं हे त्यातूनच सुचलं. आणि तिच्या जागी कुणीतरी बस्तीला जावं म्हणून ते जाऊ लागले, तिच्यासारखेच अनवाणी. त्यांच्याही टाचा फुटल्या. तेही संध्याकाळी कॉटवर बसून पायाचं मलम लावू लागले.

त्या मलमाला लवंग आणि कापूर एकत्र केल्यासारखा वास होता. त्रिशला गेल्यावर तिच्या साड्यांचा वास काही दिवसांत गेला. उशीचा गेला. मलमाचा गेला नाही, कारण ते मेडिकलमध्ये मिळत होतं. मगदूम दुकानात जाऊन नुसतं "ते पायाचं मलम" म्हणायचे, आणि दुकानदार हिरवी ट्यूब काढून द्यायचा. त्रिशला होती तेव्हाही आणायचे तेच. मलम लावलं की खोलीत ती असल्यासारखं वाटायचं. बुंदीलाही तसंच वाटत असावं. ती येऊन त्यांच्या पायाशी पडायची आणि डोळे मिटून त्यांच्या टाचा चाटत राहायची. पूर्वी ती त्रिशलाच्या टाचा अशाच चाटायची.

आठवड्याभरानं झीनत घरी नमुने घ्यायला आली तेव्हा बुंदी आणखी खंगली होती. झीनतनं फोडांचे नमुने घेतले. मग औषधवेधक बाहेर काढला. पेनाएवढं यंत्र, त्याचं टोक कातडीला लावलं की तिथं औषधाचा अंश असला तर दिवा लागायचा. पोटावर दिवा लागला नाही. काखेत लागला नाही. मांडीवर अगदी मंद लागला. बुंदीनं यंत्र चाटायला तोंड पुढे केलं, टोक जिभेला लागलं, आणि दिवा लख्ख पेटला.

"सर, हिच्या तोंडात आहे."

"तोंडात? माझ्या हातचं खाते ती. दूधभात, दुसरं काही नाही."

"खाल्लेलं नाही. चाटलेलं आहे. जिभेवरून मांडीवर गेलंय. जिथं चाटते तिथं थोडं थोडं." झीनत खाली बघत होती. बुंदी मगदूमांच्या पायाशी जाऊन बसली होती, आणि तिनं आपलं नेहमीचं काम सुरू केलं होतं.

झीनत उठली नाही. बसल्या बसल्या तिनं यंत्र पुढे केलं आणि मगदूमांच्या टाचेला लावलं.

दिवा पेटला.

"काय लावता सर तुम्ही पायाला?"

"काही नाही. भेगांचं मलम."

"बघू."

त्यांनी कॉटखालच्या डब्यातून ट्यूब काढून दिली. झीनतनं ती चष्म्याजवळ नेली. अक्षरं बारीक होती. तिनं एकदा वाचली, परत वाचली, आणि ट्यूब त्यांच्या हातात दिली. मगदूमांनी ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाचली. खाज मारणारं एक, बुरशी मारणारं एक, आणि जंतू मारणारं एक. तीन औषधं एकत्र. सभेत ज्याबद्दल ते थेंबभरही नको म्हणाले होते त्यातलं.

"आपण फक्त कुत्र्यांचे नमुने घेतले," झीनत हळू म्हणाली. "माणसांचे घ्यायचं कुणाला सुचलं नाही."

"मला सुचलं नाही," मगदूम म्हणाले. "प्रयोग माझा होता."

दुसऱ्या दिवशी झीनतनं एक गोष्ट त्यांना न विचारता केली. बुंदीचे जंतू तिनं वंशवाचकात घातले. या यंत्रात जंतूची सगळी वंशावळ वाचता यायची, कोण कुणापासून झाला ते. काम वेळखाऊ असल्यानं आतापर्यंत कुठल्याच कुत्र्याच्या जंतूंसाठी ते केलं नव्हतं. आता एकच लाल ठिपका उरला होता, म्हणून तिनं केलं. यंत्रानं साठ्यातल्या सगळ्या जंतूंशी जुळवणी करून उत्तर दिलं. ते वाचून ती बराच वेळ मगदूमांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली.

"आत ये ना. काय आहे?"

"सर, विस्मरक आपण ज्या जंतूवर तयार केला..."

"त्रिशलाच्या जखमेतला. मग?"

सगळ्या प्रयोगशाळेला हे माहीत होतं. त्रिशलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सांधा बदलला, आणि जखमेत असे जंतू झाले की कुठलंच औषध चालेना. ती त्यातच गेली. जंतू कुत्र्यांच्या कातडीवर असणाऱ्या जातीचे होते. हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात भटकी कुत्री असायची. कुणीतरी हात न धुता वॉर्डात आलं, असं मगदूमांनी ठरवलं होतं. सर्जनला त्यांनी सगळ्यांसमोर वाटेल ते बोलून घेतलं होतं. पुढे जिथं जिथं व्याख्यान दिलं तिथं त्यांनी सुरुवात एकाच वाक्यानं केली, माझ्या बायकोला हॉस्पिटलनं मारलं. बुंदीला त्या वेळी साधी खाजही नव्हती. तिचा नमुना घ्यायचं काही कारण नव्हतं.

"बुंदीचा जंतू तोच आहे सर. त्याच घराण्यातला. आणि दोघांच्या मागचा धागा जातो तो ऑपरेशनच्याही आधी. काही वर्षं आधी." झीनत थांबली. "तो हॉस्पिटलमधला नाही."

मगदूमांना सगळं एका दमात कळलं, कारण तो त्यांचाच विषय होता. बुंदीच्या जिभेवरून जंतू त्रिशलाच्या भेगेत गेले. भेगेत रोज संध्याकाळी मलम होतं. जे मलमात मेले ते मेले, जे जगले ते सगळ्या औषधांच्या युक्त्या घेऊन जगले. वर्षानुवर्षं तिच्या टाचेत ते तयार होत होते. मग तिथून वर हातभर अंतरावर सर्जननं गुडघा उघडला.

"ट्यूब कोण आणायचं?" त्यांनी विचारलं. झीनतला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

"मी आणायचो," ते म्हणाले.

झीनतनं त्यांना पाणी दिलं. मग पुढचं कामाचं ती बोलली. मलम बंद. पण त्यांच्या टाचेतले जंतू लगेच विसरणार नाहीत, वेळ लागेल. तोवर बुंदी त्यांच्यापासून लांब हवी. तिनं विस्मरकाची एक बाटली त्यांना दिली, रोज रात्री टाचांना लावायला. ती म्हणाली, "तुमचे झाले की कॉलनीतल्या बाकी माणसांचेही नमुने घेऊ या. तुमच्यापासून सुरुवात."

"घेऊ," ते म्हणाले.

बुंदीला लांब ठेवायचं म्हणजे एकच घर होतं. मगदूम तिला उचलून अल्काताईंच्या दारात घेऊन गेले. ट्यूबचं, त्रिशलाचं, सगळं सांगितलं. पुढच्या वाक्याची त्यांनी मनात जुळवाजुळव केली होती. ते सुरू करण्याआधीच अल्काताईंनी हात पुढे केले.

"माफीबिफी राहू दे डॉक्टर. कुत्री इकडं द्या, अंग भट्टीसारखं तापलंय हिचं."

मग जे व्हायला हवं होतं तेच झालं. औषध कुठूनच येत नव्हतं, त्यामुळे विस्मरकानं कडी कापलेले जंतू वाढले आणि बाकीचे मागे पडले. ठिपका पिवळा झाला, आणि या वेळी परत लाल झाला नाही. हिरवा झाला त्या दिवशी झीनतनं जुनी, साधी गोळी बुंदीच्या दूधभातात घातली. ताप उतरला. फोड सुकले. खपल्या गळून खालची कातडी गुलाबी दिसू लागली. मग तिच्यावर केस आले. सगळा नकाशा हिरवा झाला. आता साऱ्या सांगलीसाठी विस्मरक सोडायची परवानगी मागायची होती. झीनतनं दोनदा विचारलं, "सर, तुमचा नमुना?" मगदूम दोन्ही वेळा म्हणाले, "या आठवड्यात देतो."

दिवाळीच्या आधी एका रविवारी ते बुंदीला बघायला गेले. अल्काताईंनी ओसरीवर खुर्ची टाकली. बुंदी आतून धावत आली. ती आता भरली होती, शेपूट सगळ्या अंगानिशी हलत होती. ती त्यांच्या तोंडाकडे आली नाही. सरळ पायाशी गेली, वास घेतला, आणि त्यांचे बूट चाटायला लागली.

"अहो, बूट काढा की," अल्काताई आतून चहा आणत म्हणाल्या. "ओसरी आत्ताच पुसलीया."

"असू दे. लगेच निघायचंय."

"बसा की. कुत्रीला भेटायला आलाय ना?"

"नको. घाई आहे."

अल्काताईंनी कप त्यांच्या हातात दिला आणि बुटांकडे बघितलं. या माणसाला सांगलीच्या रस्त्यावरून अनवाणी जाताना त्या रोज सकाळी बघत होत्या. बुंदी एका बुटाच्या कडेतून नाक आत घालायला बघत होती. डोळे मिटलेले. मगदूमांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला. ती खुर्चीखाली शिरली.

"अजून लावता," अल्काताई म्हणाल्या. त्या विचारत नव्हत्या.

मगदूमांनी चहाचा घोट घेतला.

"ती बाटली दिली होती ना झीनतनं? ती?"

"आहे. फळीवर आहे."

"ज्यानं बाई गेली तेच."

"हो," मगदूम म्हणाले. "तेच. मला तिचं दुसरं काही मिळत नाही मेडिकलमध्ये."

अल्काताईंनी वाकून बुंदीच्या गळ्यातला पट्टा धरला आणि तिला खुर्चीखालून ओढून काढलं. ती येत नव्हती, नखं फरशीवर घासत होती. त्यांनी तिला आत नेलं, दार लावलं, आणि परत येऊन दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"परत येऊ नका डॉक्टर," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "ती बरी झालीया आता. आणि झीनतला तुम्हीच सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल."

"सांगतो."

"आज सांगा."

आतून बुंदी दार खरवडत होती. मगदूमांनी चहा संपवला, कप खुर्चीवर ठेवला आणि उठले. बूट पायातच होते, त्यामुळे निघायला वेळ लागला नाही.